दावियाचं तांबडं तण

दाविया खालाच्या हातचा कुसकुस ज्या लग्नात नाही, ते लग्न आमच्या ऐन झबूज गावात निम्मंच लागलं असं समजायचं. मेंढीच्या कातड्यावर मांडी ठोकून, लाकडी काथवट पुढ्यात ओढून ती बसली, की बाकीच्या बाया आपोआप चार हात मागं सरायच्या. कुसकुस म्हणजे वाफवायचे रव्याचे दाणे: रव्यावर मिठाच्या पाण्याचा शिपका, तळहात गोल गोल, पुन्हा शिपका, मग चाळण. दाणा पडायचा तो मोहरीएवढा, एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा असा. लोक तिच्या हाताला मानायचे आणि तोंडाला भ्यायचे.

नवरा फ्रेंचांविरुद्धच्या लढाईत मेलेला. पोर ना बाळ. हनुवटीवर गोंदणाची एक उभी रेघ, दोन्ही बाजूला ठिपके. आवाज असा, की तिनं दारातून हाळी दिली तर ओढ्यापल्याडचं गाढव मान वळवून बघायचं. मी तिचा शेजारी, नाव कादा; सगळ्या गावासारखा मीही तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. त्या काळात मी गावच्या कचेरीच्या ट्रॅक्टरवर होतो आणि ट्रॅक्टर बिघडला, म्हणजे आठवड्यातले चार दिवस, कचेरीचे कागद घरोघर पोचवायचो. म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, थोडंफार माझ्या हातूनही झालं.

तिचं घर गावाच्या शेवटाला, मुआस्कर शहराला जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर. दक्षिणेकडची भिंत आणि रस्ता यांच्या मधोमध तीन पावलं रुंद, वीस पावलं लांब अशी एक पट्टी. सूर्य उगवला की तिथं येऊन बसायचा आणि मावळतानाच उठायचा. तिथले दगड तिनं एकटीनं वेचले. लोकांना वाटलं, चला, म्हातारी कांदा लावणार, पुदिना लावणार. तिनं लावला तांबडा जवस.

जवस म्हणजे तेलाचा, निळ्या फुलांचा, तो नव्हे. हा त्याचा रानटी भाऊ. गुडघ्याएवढा वाढतो, काडी सुतासारखी, फूल ताज्या सोललेल्या डाळिंबाच्या रंगाचं, मधे काळपट टिकली. ना तेल, ना धागा, ना पोटाला काही. गव्हातलं तण ते. आमच्याकडं शेतात दिसलं की बाप पोराला शिवी देऊन उपटायला लावायचा. आणि ही बाई ते पेरत होती, तेही मशागत करून!

"खाला, आगं त्या जागंत वाटाणा झाला असता," असं कोणी म्हणालं की ती म्हणायची, "वाटाणा खाऊन तुजी आक्कल वाढलीया काय? मग मी कशाला लावू?"

पेरणी ती शिस्तीत करायची. गावात नांगरट सुरू झाली की पहिली मूठ, कडाक्याच्या थंडीत दुसरी, आणि बदाम फुलला की तिसरी. एका पेरणीचा बहर महिन्याभरात आटपतो, म्हणून हा तीन हप्त्यांचा खेळ. बी बारीक, तपकिरी, आरशासारखं गुळगुळीत. ओलं झालं की शेंबडासारखं चिकटतं, म्हणून कोरड्या वाळूत मिसळून फेकायचं. वरून रानजैतुनाची फांदी ओढायची, बस. खत नाही. फार पाणी नाही.

"ह्याला माया करू नी," ती मला सांगायची. "खत घातलं की नुसता माजतो, फुलत न्हाई. हुबं ऊन दे, भिकार माती दे, मग बघ. दाट झाला तर उपटून पातळ कर. पर एका जागंवरनं दुसऱ्या जागी न्हिऊ नको. मूळ एकच आसतंय ह्येचं. हाललं की मेला. जिथं उगावला तिथंच मरनार. माज्यासारखा हाय."

फूल सकाळी उघडायचं आणि दुपारच्या नमाजाच्या सुमाराला पाकळ्या टाकून मोकळं व्हायचं. दुसऱ्या दिवशी नवी फुलं. चैत्रपालवीच्या दिवसांत दुपारी तिच्या दारात लाल सडा पडलेला असायचा आणि कोंबड्या त्यात नाचायच्या.

आता हे खूळ आलं कुठून, ते सांगतो. दाविया दहा वर्षांची असताना खालच्या सपाटीची सगळी जमीन एका फ्रेंच जमीनदाराची होती. गहू गुडघ्याला लागला की गावातल्या पोरी खुरपायला जायच्या, दोघी-दोघींची जोडी, एका जोडीला एक पात, म्हणजे खुरपायचा एक पट्टा. वर शारेफ मुकादम, आपल्याच गावचा, हातात जैतुनाची ओली छडी. तांबडं दिसलं की उपट. पात संपली की शारेफ मागं फिरून बघायचा. एक जरी तांबडं मागं राहिलं तरी दोघींच्या पोटरीवर छडी.

दाविया प्रत्येक पातीत मुद्दाम एक ठेवायची.

"का गं खाला?" मी एकदा विचारलं.

"बगायचं व्हतं, आधी छडी मोडतीया का मी."

"मग?"

"मालक मोडला," ती म्हणाली आणि चाळण आपटली.

फ्रेंच गेले, जमीन सरकारी फार्मची झाली. मग फार्मवर फवारा आला. एका ट्रॅक्टरनं दोन दिवसांत ते केलं, जे शारेफच्या छडीला वीस वर्षांत जमलं नव्हतं. गहू स्वच्छ झाला, तांबड्याचा मागमूस राहिला नाही. पिराच्या कबरीमागच्या उतारावर थोडं उरलं होतं, तर रस्त्याच्या खडीसाठी तो उतारच खणून नेला. जेसीबी नव्हता तेव्हा, आम्हीच फावड्यांनी नेला. खणायच्या आदल्या दिवशी दाविया तिथं गेली आणि ओढणीच्या टोकात बी बांधून घेऊन आली. दोन मुठी. तेवढंच. त्या दोन मुठींची ती पट्टी. पंचक्रोशीत दुसरीकडं कुठं हे फूल राहिलं असेल तर मला माहीत नाही, आणि मी ट्रॅक्टरवर पुष्कळ फिरलोय.

स्वातंत्र्याला वीसेक वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. वालीसाहेब, म्हणजे आमच्या जिल्ह्याचा मालकच, पाण्याच्या टाकीचं उद्घाटन करायला येणार असं ठरलं. वाली यायचा म्हणजे काय होतं, ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. रस्त्याच्या कडेचे दगड चुन्यानं पांढरे करायचे, झाडं कमरेपर्यंत पांढरी करायची. त्या गडबडीत भिंतीला टेकून झोपलेलं एक गाढव निम्मं पांढरं झालं आणि तसंच महिनाभर हिंडलं. फुलांच्या कुंड्या जिल्ह्याच्या रोपवाटिकेतून यायच्या होत्या, त्या वाटेत दुसऱ्याच गावानं पळवल्या. वालीला यायला तीन दिवस राहिलेले आणि रस्त्याच्या कडेला नुसते पांढरे धोंडे!

आमचा मेयर होता बेनाउदा. शारेफ मुकादमाचा मुलगा. माणूस तसा वाईट नव्हता, पण वरून कोणी येणार म्हटलं की त्याला दुसरं काही दिसायचं नाही. तो गाडीतून वळणावर आला आणि दावियाची पट्टी त्यानं बघितली. ऐन बहर. दुसऱ्या मिनिटाला माझ्या नावाचा निरोप.

मी गेलो. ती कोंबड्यांना चारा टाकत होती.

"खाला, मेयरसायबानं सलाम सांगितलाय."

"सलाम ठिऊन घेतला. आता पोटातलं सांग."

"रोपटी पायजेल म्हनं ही. रस्त्याच्या दोनी आंगाला लावायची. वालीसायेब यायलाय बुधवारी."

"वालीला जवस चरायचाय व्हय?"

"खाला, आसं काय..."

"त्याला सांग, हलावला की मरतंय. आन् मेलं न्हाई तरी देनार न्हाई, आसं बी सांग. दोनी सांग. नायतर तू भित्रट, पयलंच सांगशील आन् दुसरं गिळशील."

मी पहिलंच सांगितलं.

बेनाउदा म्हणाला, "मरतंय कसं? आपला लखदर हाय की!" लखदर म्हणजे कचेरीचा माळी. त्यानं जन्मभर जिरॅनियमच्या फांद्या खोचल्या आणि त्या जगल्या. त्यामुळं कुठलीही वनस्पती कुठंही खोचता येते, असा त्याचा पक्का समज. तो म्हणाला, "पानी मारून काढू, पानी मारून लावू. बाईमानसाला काय कळतंय मुळातलं?"

संध्याकाळी मेयर स्वतः आला. मागं लखदर, मी, आणि समोरच्या कॉफीच्या दुकानातून पेले हातात घेऊन आलेली निम्मी गर्दी.

"खाला," बेनाउदा गोडीत म्हणाला, "गावाची इर्जिक समज. सगळी राबायलीत. कुनी चुना दिला, कुनी घमेलं दिलं. तू चार रोपटी दे. इर्जिकीला न्हाई म्हननारं मानूस ऐन झबूजात आजून जलमलं न्हाई."

बाण नेमका होता. आमच्यात इर्जिकीला, म्हणजे एकमेकांच्या कामाला फुकट राबायला, नाही म्हणणाऱ्याच्या घराला आग लागली तरी कोणी घागर घेऊन धावत नाही. दावियानं हात झटकले.

"इर्जिक कुनाची?"

"गावाची की."

"बेनाउदा, तू सायेब झालास आन् रीत इसारलास. इर्जिक ज्याला नड हाय त्यो मागतोय. दारोदार जाऊन, मान खाली घालून मागतोय. आन् राबनाऱ्याला कुसकुस आन् ताक त्योच घालतोय. नड कुनाला हाय? वालीला. मग वालीला म्हनावं ये माज्या दारात, माग. आन् संद्याकाळी सगळ्या गावाला जेवाय घाल. मग म्या इचार करीन."

कॉफीवाले हसले. एकाच्या नाकातून कॉफी आली. बेनाउदाची गोडी संपली.

"ही जागा तुजी न्हाई, खाला. भिंतीपासनं रस्ता कचेरीचा. तू रस्त्याच्या जागंवर बसलीयास."

"आन् तू लोकांच्या मानंवर."

तो गेला. पण आमच्या गावात मेयर नुसता जात नाही. पुढच्या महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न होतं, कुसकुसाचं काम दावियाकडं ठरलेलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला: नको. कारखान्यातली पाकिटं आणू. त्याच दिवशी आणखी दोन घरांनी नको म्हणून सांगितलं. त्यातल्या एकाला घराच्या कागदावर मेयरचा शिक्का हवा होता, दुसऱ्याला पहिल्याचं ऐकायची सवय होती. झऱ्यावर बायांनी दावियाला घेरलं. माझी बायकोही त्यात होती.

"खाला, देऊन टाक. चार काड्यांपायी चुलीवर पानी वततीयास."

"चार न्हाईत. आर्धी पट्टी मागतोय त्यो," दाविया म्हणाली. "आन् बी आजून हिरवं हाय. आता उपाटलं तर बी न्हाई. बी न्हाई तर पुढल्या साली काय पेरू, तुमच्या जिभा? लग्नं काय, दर साली लागत्यात. हे गेलं तर गेलंच. दुसरं आनायला पिराचा उतार ऱ्हायलाय कुटं?"

बायांनी घागरी उचलल्या. तो उतार त्यांच्याच नवऱ्यांनी खणला होता, हे त्यांनाही ठाऊक होतं.

बुधवारी सकाळी मी, लखदर आणि दोन मजूर ट्रॉली घेऊन वळणावर पोचलो. पट्टी पुरती उघडली होती. एवढ्या उन्हात तो रंग बघवत नव्हता. आणि पट्टीच्या बरोबर मधे, विरळणीसाठी ठेवलेल्या अरुंद पायवाटेवर मेंढीचं कातडं टाकून दाविया बसलेली. पुढ्यात काथवट, बाजूला रव्याची गोणी, पाण्याचा तांब्या, मांडीला टेकवलेली चाळण. जणू लग्नघरी आली होती.

"कुनाचं लगीन गं खाला?" मी कसंबसं म्हणालो.

"तुमच्या आकलेचं. नवरा मिळंना झालाय."

लखदरनं तिच्याकडं बघितलं नाही. तो गुमान टोकाला गेला आणि फावडं घातलं. तिनं बसल्या जागेवरून त्याच्या सात पिढ्या बाहेर काढल्या. आईपासून सुरुवात केली आणि पणजीशी पोचली तोवर त्यानं दोन खोकी भरली, चाळीस-पन्नास रोपं. आम्ही ती नेली, टाकीच्या रस्त्यावर पांढऱ्या दगडांमधे खड्डे करून लावली, पाणी मारलं. बेनाउदा येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "बगा! मरतंय म्हनं!"

तास गेला. रोपांनी माना टाकल्या. आणखी अर्धा तास, आणि ती मयताला आलेल्या लांबच्या पाहुण्यांसारखी एकमेकांच्या अंगावर कलंडून बसली. लखदर पाणी मारत सुटला. जितकं पाणी मारी, तितकी ती चिखलात झोपत.

"मुळं तुटली," लखदर म्हणाला. "ढेकळासकट काढाया पायजेल हुती. मोठी ढेकळं. टोकाला माती पातळ हाय, मधली बरी."

मधे दाविया होती.

आता पेच पडला. तिला उठवायचं कसं? चार गडी होते, पण परक्या बाईला हात लावेल असा गडी आमच्यात अजून जन्मायचाय. बेनाउदानं लांबून हुकूम सोडला, विनवलं, तासाभरानं पुन्हा हुकूम सोडला. ती तळहात फिरवत होती.

"बोल की, मी ऐकतीया. हात काय कानानं चालत न्हाईत."

मग त्याला युक्ती सुचली. त्यानं गाडी पाठवून आपल्या आईला आणवलं. हाज्जा रेकिया, शारेफ मुकादमाची विधवा. मक्केला जाऊन आलेली, गावातल्या बाया जिच्यापुढं पदर सावरतात अशी. दावियाला दंडाला धरून उठवू शकेल असं माणूस गावात तेच एक. आणि एक गोष्ट बेनाउदाला ठाऊक नव्हती, किंवा त्यानं ती कधी विचारली नव्हती: खुरपणीच्या पातीत दावियाची जोडीदारीण रेकियाच होती.

रेकिया काठी टेकत पट्टीच्या काठाला आली आणि तोंड सोडलं.

"ऊठ गं कैदाशिनी! पोराचं नाक कापायला बसलीयास? साठ वरसं झाली, तुजा ताठा जाईना!"

"तुजा गेला का? मग माजाच कशाला जाईल?"

"लाज हाय का? तण राकत बसलीया. ह्याच तांबड्यापायी माज्या पोटऱ्या सुजायच्या. तू एक ठेवायचीस, आन् छडी मी बी खायाची!"

"मग नवरा त्योच कशाला केलास?"

"तुज्यापरीस त्यो गप बसायचा!"

गर्दीत कोणीतरी खोकला दाबला. बेनाउदा आभाळाकडं बघायला लागला. रेकियानं काठी पुढं टाकली, दोन पावलं पायवाटेवर आली, दावियाचा दंड धरायला वाकली. आणि वाकलेलीच राहिली. तिची नजर काथवटीत गेली होती.

"हे काय केलंस?"

"काय केलं?"

"दाना मोटा झालाय तुजा. चन्यावानी. पानी लई मारतीयास."

"माज्या दान्याला नाव ठिवतीस? तू? तुज्या लग्नातला कुसकुस खाऊन लोकं दोन दिस झऱ्यावर पानी पीत व्हती!"

"सरक," रेकिया म्हणाली. "सरक वाईच. आन् ती चाळन आन हिकडं."

आणि ती बसली. मक्केला जाऊन आलेली, मेयरची आई, अंगभर गुंडाळलेल्या पांढऱ्या चादरीसकट, मेंढीच्या अर्ध्या कातड्यावर. बाह्या वर केल्या, रव्यात तळहात घातला. आता पट्टीत एकीच्या जागी दोघी झाल्या.

"आये," बेनाउदा काकुळतीला आला. "आये, तुला कशाला आनली व्हती!"

"गप. हिच्या पान्याचं परमान बगू दे."

"वालीसायेब येईल!"

"येऊ दे. त्याला काय कुसकुस लागत न्हाई?"

"आये, ऊठ, तुला आल्लाची आन."

"आन घालू नको, बेनाउदा. आन घालून आईला उठवनारा तू कोन? तुजा बा बी मला उठवत नव्हता."

मेयर रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. एका बाजूला मेलेली रोपं, दुसऱ्या बाजूला जिवंत आई. लखदर फावड्याला टेकून बिडी ओढायला लागला. मी ट्रॅक्टरच्या सावलीला गेलो. दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या दाण्याला नावं ठेवत, एकमेकींचा रवा पळवत, दुपारपर्यंत तशाच बसल्या. पाकळ्या गळायला लागल्या, काही काथवटीत पडल्या, त्या रेकियानं नखानं उचलून टाकल्या. "तण," ती म्हणाली प्रत्येक वेळी. दावियानं प्रत्येक वेळी तिच्या मनगटावर चापट मारली.

वाली सकाळी दहाला यायचा होता, तो तीनच्या पुढं आला. पाच गाड्या. काचांना पडदे. आमच्या वळणावर ते थांबले नाहीत, हळूही झाले नाहीत. पांढरे दगड, पांढरी झाडं, मेलेला जवस, बँडवाले, हात वर केलेला मेयर, सगळ्यांवर एकसारखा धुरळा बसला. साहेबांनी पडदा सरकवला की नाही, देव जाणे. दाविया तेवढी उठली, कमरेवर हात ठेवून गाड्यांच्या मागं ओरडली, "आरं, रव्यात धूळ घातलीसा की रं! चाळायचं कुनी, तुज्या बानं?"

पट्टी वाचली. टोकाचं गेलं, बाकी राहिलं, उन्हाळ्यात बी पिकलं. बोंडं तडकायच्या आधी तिनं कापून, चादरीवर झोडपून, कुसकुसाच्या जुन्या चाळणीतून ते स्वच्छ केलं.

पण सगळं गोड झालं असं कोणी सांगत असेल तर तो खोटं बोलतो. बेनाउदाच्या मुलीच्या लग्नात पाकिटाचाच कुसकुस झाला. रेकियानं एक घास तोंडात घातला, सगळ्यांदेखत हातावर काढला आणि "वाळू" म्हणाली. तरी पुढं दोन वर्षं दावियाला लग्नाचं बोलावणं म्हणावं असं आलं नाही. ती जैतुनाच्या बागांत पडलेली फळं वेचायला जायची, अंडी विकायची, माझ्या बायकोनं दिलेली भाकरी घ्यायची आणि बदल्यात काहीतरी दिल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. तिचे गाल आत गेले.

मी एकदा म्हणालो, "खाला, परवडलं का गं?"

"न्हाई परवडलं," ती म्हणाली. "मग?"



वाली येऊन गेला त्याच वर्षी नांगरटीच्या सुमाराला बेनाउदानं मला एक कागद देऊन तिच्याकडं पाठवलं. नोटीस. भिंत ते रस्ता ही जागा कचेरीची असून तीवर बेकायदा पेरणी केली आहे, पंधरा दिवसांत मोकळी करावी. खाली गोल शिक्का. तिला वाचता येत नव्हतं. तिनं मला उभ्यानं सगळी वाचायला लावली, शिक्क्यावरची अक्षरंसुद्धा. मग कागद घेतला, अंगठ्यानं चोळून बघितला, त्याचा कोन वळला आणि उरलेलं बी, थंडीतल्या नि बदामाच्या पेरणीचं, त्यात भरून तोंड दुमडलं.

"कागूद जाड हाय," ती म्हणाली. "दमट व्हनार न्हाई."

आणि पहिली मूठ घेऊन, माझ्यासमोर, पट्टीत उतरली.

पंधरा दिवस गेले, कोणी आलं नाही. कोणाला पाठवणार? लखदरला म्हातारीच्या शिव्या ऐकवत नव्हत्या आणि आईला दुसऱ्यांदा आणायची बेनाउदाची छाती नव्हती. पण सोडलं म्हणायचीही छाती नव्हती. म्हणून दर वर्षी नांगरटीला नोटीस यायची, मी वाचायचो, ती कोन वळायची आणि पेरायची. असं सात-आठ वर्षं चाललं. मधल्या काळात लग्नांची बोलावणी हळूहळू पुन्हा यायला लागली. पाकिटाच्या कुसकुसाला लोक विटले, आणि रेकिया तर प्रत्येक लग्नघरी जाऊन दावियाच्या दाण्याला नावं ठेवायची. त्याशिवाय तिला जेवण जात नव्हतं, म्हणून तरी दावियाला बोलवावं लागे.

मग बेनाउदाची मुदत संपली. नवा मेयर आला, शहरात शिकलेला, टाय लावणारा. कचेरी नव्या इमारतीत गेली, कागद गाडीभर हलले, निम्मे उंदरांना गेले. त्या वर्षी नांगरट सुरू झाली, संपत आली, नोटीस आली नाही. मी आनंदानं तिच्याकडं गेलो.

"खाला, सुटलीस! औंदा कागूद न्हाई. इसरली तुला."

मला वाटलं हसेल. तिचं तोंड उतरलं नाही, पण घट्ट झालं. तिनं काथवट बाजूला सारली, पांढरी चादर अंगावर घेतली, काठी घेतली आणि निघाली. नव्या कचेरीपर्यंत अर्ध्या तासाची चढण. मी मागं मागं.

कारकून नवा होता. ती थेट त्याच्या टेबलाशी.

"माजी नोटीस कुटंय?"

"कसली नोटीस, आजी?"

"पट्टीची. दर साली येतीया. औंदा न्हाई आली."

त्यानं फायली चाळल्या, खाली वाकून खण बघितले. "तुमच्या नावाचा कागदच नाही इथं. काही तक्रार नाही तुमच्यावर. जा घरी बिनघोर."

"मग तकरार कर."

कारकुनानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं. आवाज ऐकून आतून नवा मेयर आला, टाय सरळ करत. सगळं ऐकून घेतलं आणि भल्या माणसासारखं हसून म्हणाला, "आजी, आम्हाला तुम्हाला त्रास द्यायचा नाही."

"तरास दे!" काठी फरशीवर आपटली. सगळी कचेरी वळली. "तरास देत व्हता तवर मला ठावं व्हतं की तुमास्नी ठावं हाय. आता इसारलासा. इसरल्याल्या जागंवर एक दिस ट्रॅक्टर येतोय, डांबर पडतंय, आन् कुनी कुनाला इचारत न्हाई. पिराचा उतार आसाच गेला. इचारा ह्याला, ह्यानंच खनला." बोट माझ्याकडं. "मला माजी नोटीस दे. त्यात माजं नाव घाल. भित ते रस्ता, तीन पावलं रुंद, वीस लांब, आसं घाल. आन् काय उगावतंय त्ये बी घाल. मग काडायची तर काडा, पर कागदावर बगून, माज्या तोंडाला तोंड दिऊन काडा."

मेयरनं हसणं थांबवलं. त्यानं तिच्या हनुवटीवरच्या गोंदणाकडं बघितलं आणि कारकुनाला मान हलवली. कारकून टाइपरायटरशी बसला. नाव, जागा, लांबी, रुंदी. मग थांबला.

"काय उगवतं म्हणून लिहू? तण?"

"तांबडा जवस लिव."

त्यानं लिहिलं. शिक्का मारला, फुंकर घातली, कागद पुढं केला. दावियानं तो घेतला, दोन बोटांत धरून अंगठ्यानं चोळला आणि टेबलावर परत टाकला.

"पातळ हाय," ती म्हणाली. "दुसरा जाड बग."